मी काय घार हाय?

कोकणातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, गुरं राखत बसलेल्या एका काकांपुढे मंद्याने मोबाइल धरला. पडद्यावर त्याच सड्याचा आभाळातून घेतलेला फोटो होता, कुणीतरी ड्रोनने काढून नेटवर टाकलेला. काळपट कातळात कोरलेला भला थोरला हत्ती. सोंड, पाय, पाठीची कमान, सगळं एका नजरेत. "हा बघा काका, तुमचा हत्ती." काकांनी फोन हातात घेतला. सरळ धरून पाहिला, मग आडवा केला, मग उलटा. फोन शहाणा, प्रत्येक वेळी फोटो फिरवून पुन्हा सरळ करून द्यायचा, त्याने ते आणखीच वैतागले. "ह्यात उतार कुठं हाय?" त्यांनी विचारलं. मंद्या गोंधळला. "उतार म्हणजे?" "म्हंजे पाणी कुठल्या अंगाला जातं? ती करवंदीची जाळी कुठाय? आपण आत्ता बसलो ती जागा कुठाय?" मंद्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, शेवटी अंदाजाने कुठेतरी बोट टेकवलं. काकांनी फोन परत दिला. "असा कोण बघणार ह्याला? मी काय घार हाय?"

आम्ही खो खो हसलो. काका हसले नाहीत.

पुढच्या सगळ्या प्रवासात ते वाक्य आमच्या तोंडी बसलं. फोनमधली नकाशावाली बाई "उजवीकडे वळा" म्हणाली आणि उजवीकडे नुसताच दगडांचा गडगा दिसला, की कुणीतरी म्हणायचंच, मी काय घार हाय? सुहास जेवणाचं बिल तपासताना म्हणायचा, रेवा गाडी मागे घेताना आरशात बघून म्हणायची. चेष्टेत असं वाक्य घोळवलं की त्याची धार जाते म्हणतात. माझ्यापुरती ती गेली नाही. काकांना तो फोटो आवडला नाही हे एक झालं. पण तो त्यांना आवडायलाच हवा, ते हरखून जायला हवेत, असं आम्ही चौघांनीही गृहीत धरलं होतं, ते का, हा प्रश्न मला सुटेना.

तसं बघायला गेलं तर घाटावरून कोकणात उतरणाऱ्या माणसाची सुरुवातच घारीच्या नजरेने होते. अणुस्कुऱ्याच्या माथ्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा उजाडून थोडाच वेळ झाला होता. डिसेंबरची थंडी, हातात थर्मासमधला चहा, आणि खाली अर्जुनेच्या खोऱ्यात धुकं असं भरलेलं की डोंगरांचे फक्त खांदे वर. "दिसलं कोकण," असं आपण तिथे उभं राहून म्हणतो. खरं तर तिथून काहीच दिसत नाही; घर नाही, माणूस नाही, विहीर नाही. तरी सगळं दिसलं असं वाटतं, फोटो निघतात, गटावर जातात, "वा वा" येतं. मग वळणावळणांनी खाली उतरलं की कान बंद होतात, स्वेटर निघतात, आणि मघाशी 'दिसलेलं' कोकण पुढच्या वळणापलीकडे काही दिसू देत नाही. राजापुरात पुन्हा चहा घेतला, तिथली मधूनच प्रकटणारी गंगा आलीय का म्हणून विचारलं, नाही म्हणाले, निघालो.

या सहलीचं निमित्त रेवाचं. कातळशिल्पांविषयी ती बरंच वाचून आली होती. कोकणातली ही चित्रं २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्यापासून पुष्कळांना निदान नावाने माहीत झाली आहेत. त्या यादीत कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी, आणि गोव्यातलं फणसामळ. आम्ही राजापूर तालुक्यातली जमतील तेवढी बघायची ठरवलं होतं. मंद्याचा वाटा गाडीचा, सुहासचा खाण्याचा. माझं काम मागे बसून वेळेवर खिडकी उघडणे.

कशेळीच्या आधी आम्ही चिरेखाणीत जाऊन पोहोचलो. नकाशावरची निळी रेघ बरोबर तिथपर्यंत जात होती आणि पुढेही जात होती. जमीन मात्र तिथे संपत होती. जांभ्याची खाण ज्यांनी जवळून पाहिली नसेल त्यांना सांगतो, ती भयंकर नीटनेटकी असते. डोंगराला सुरुंग लावलेल्या खडीच्या खाणीसारखी अस्ताव्यस्त नाही. चाकांवरून पुढे सरकणारं कापायचं यंत्र, त्याचं गोल पातं कातळात आधी उभ्या रेघा पाडतं, मग आडव्या, आणि मग एकेक चिरा पहारीने सुटा होतो. ताजा कापलेला चिरा आतून ओलसर, पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांचा, नखाने खरवडता येईल इतका मऊ. उन्हावाऱ्यात राहून तो कठीण होतो, आणि मग त्याची घरं, गडगे, देवळं, विहिरी शेकडो वर्षं उभ्या राहतात. खाणीतल्या लोकांच्या भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं लाल. त्यातल्या एकाने यंत्र थांबवलं, डोळे पुसले, आणि आम्ही काही विचारायच्या आत म्हणाला, "चित्रं बघायला आलाय?"

तो विजापूरकडचा होता. पुष्कळ वर्षं इकडेच. दर पावसाळ्यात गावी जातो, दिवाळीनंतर परत. त्याच्या मराठीला कानडी हेल होता आणि मधूनमधून शब्द मात्र पक्के कोकणी. वाट सांगताना त्याने सहज एक गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षी आला तेव्हा राहायला खोपी नव्हती, म्हणून पाचसहा जण सड्यावरच झोपायचे. कातळ दिवसभर तापलेला असतो, रात्री उशिरापर्यंत पाठीला ऊब देतो. एका रात्री कूस बदलताना त्याच्या हाताला खाच लागली. बोट आत जाईल एवढी. झोप येत नव्हती म्हणून तो अंधारात बोट त्या खाचेतून सरकवत गेला. ती वळली, परत वळली, आणि हात पुरेना झाला तशी त्याने नाद सोडला. सकाळी बघितलं तर काही कळलं नाही, पोरांनी काहीतरी ओढलंय असं वाटलं. "मग दोन-तीन वर्षांनी गावातले लोक म्हणाले, मासा हाय तो. मी म्हटलं, शेपूट मला माहीत हाय." एवढं बोलून त्याने यंत्र पुन्हा सुरू केलं आणि पुढचं सगळं बोलणं त्या करकरीत बुडालं.

गाडीत रेवाला एकीकडे आनंद आणि एकीकडे संताप. याच खाणी चित्रांच्या मुळावर उठल्या आहेत, ती म्हणत होती, आणि ते खरंच आहे. कातळ कापला की चित्र गेलं, त्याला दुरुस्ती नाही. पण चित्राची शेपटी बोटांनी पाहिलेला माणूस आम्हाला त्या खाणीतच भेटला, याचं काय करायचं ते तिलाही कळेना. सुहासने चिवड्याची पिशवी पुढे केली. अशा वेळी तो नेहमी तेच करतो.

कशेळीला पोहोचायला भर दुपार झाली. सडा म्हणजे सपाट माळ अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात तो हलक्या लाटांनी वरखाली होत जातो, पायाला कळतं, डोळ्याला नाही. वाळून सोनेरी झालेलं गवत, मध्येच उघडा कातळ, बुटाखाली त्याचा खडबडीतपणा. पावसाळ्यात याच कातळावर पाणी साचून चिमुकल्या निळ्या-जांभळ्या फुलांचे गालिचे होतात. आता सगळं कोरडं, आणि दूरच्या आमराईत लवकर आलेल्या मोहराचा वास. शेजारी हत्ती आहे म्हणावा तर कुठेच नाही. आम्ही हत्तीच्या कडेलाच उभे होतो आणि आम्हाला चार-सहा खाचांपलीकडे काही दिसत नव्हतं. ऊन थेट डोक्यावर असलं की खोदलेल्या रेषेत सावली पडत नाही, आणि सावली नाही तर रेषा नाही. ही चित्रं बघायची ती सकाळी लवकर नाहीतर उतरत्या उन्हात, हे वाचलेलं होतं. पण वाचलेलं आणि सुहासचं जेवण यांचा मेळ कधी बसत नाही.

तेव्हाच ते काका दिसले, आणि मघाचा तो फोटोचा प्रसंग घडला.

फोन परत दिल्यावर ते उठले. वहाणा काढून बाजूला ठेवल्या. "चला," म्हणाले. त्यांनी आम्हाला चित्राभोवतीनं नेलं, रेषांवर पाय न देता, आणि तरी रेषेला धरून. एका ठिकाणी वाकून खाचेतली माती बोटाने काढली, रेवाकडची पाण्याची बाटली मागून घेतली आणि धार सोडली. पाणी खाचेत शिरलं, थोडं थबकलं, मग सावकाश पुढे सरकायला लागलं. कोरड्या करड्या कातळावर एक काळीभोर रेघ आमच्या डोळ्यांदेखत लांबत गेली. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि एकदम माशाचं पोट झालं. बाटली संपली तिथे मासा अर्धा राहिला. "आमी ल्हान असताना हितनं तितपर्यंत उड्या मारायचो," काका म्हणाले. "हा मासा. ही फणी. ते तिकडं पाखरू. पावसात मासा भरतो, आणि भरला की त्याचं पाणी ह्या फणीत येतं. पोरांची पैज लागायची, कुणाचं पान आधी पोचतं." आणि हत्ती? "हत्ती ते लोक आल्यावर कळला," काका म्हणाले. "पोटातलं सगळं आमच्या ठावूक होतं. भायेरची रेघ म्हंजे हत्ती, असं त्यांनी सांगितलं."

ते लोक म्हणजे रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी. २०१२ च्या सुमारास त्यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना, शिक्षकांना, देवळाच्या गुरवांना विचारत या चित्रांचा शोध सुरू केला. आज हजाराहून जास्त चित्रांची नोंद आहे. कशेळीचा हत्ती त्यातला सगळ्यात अजस्र, १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या अंगातच मासे, पक्षी, चार पायांची जनावरं अशी कितीतरी चित्रं. कोकणातून केव्हाच नाहीसे झालेले गेंडा आणि पाणघोडाही या सड्यांवर कुठे कुठे ओळखले गेले आहेत. चित्रांत शेतीचं काही दिसत नाही, म्हणून कोरणारे लोक शिकार आणि मासेमारीवर जगणारे असावेत, असं पुरातत्त्वाचे अभ्यासक म्हणतात. काळ मोजायचं काम अजून चालू आहे, आणि हजारो वर्षांचे आकडे त्यात येतात. या सगळ्यात वरून घेतलेल्या फोटोंचा हात मोठा आहे. त्या फोटोंशिवाय एवढा हत्ती आमच्यापर्यंत पोहोचला नसता, यादीत गेला नसता, आणि कदाचित एखाद्या खाणीने त्याचे चिरे करून विकलेही असते. म्हणजे घारीचे उपकार आहेतच. मंद्याने नेमकं हेच मला त्या रात्री सुनावलं. "तुझे काका रेषांना मासा म्हणत होते, मान्य. पण चित्र वाचवलं ते ड्रोनने."

मी गप्प बसलो, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. आणि तरी.

ज्यांनी ते कोरलं त्यांनाही तो हत्ती वरून कधी दिसला नव्हता. शेजारी टेकाड नाही, उंच झाड नाही. अठरा मीटरचं जनावर, त्याच्या पाठीची एवढी डौलदार कमान, आणि कोरणारा जमिनीवर उकिडवा बसलेला, नाकासमोर हातभर कातळ. माझी आजी दिवाळीत अंगणभर रांगोळी काढायची तेव्हा रांगोळीच्या मधोमध बसून काढायची. ठिपके मोजून झाले की मान वर नाही. बसल्या बसल्या मागे सरकत जायची, रेघ तिच्या पायाशी सुरू व्हायची आणि पदराशी संपायची. मी ओट्यावर उभा राहून "आजी, डावीकडे वाकडं झालंय" असं ओरडायचो. तिला ते आवडायचं नाही. "खाली ये आणि मग सांग," म्हणायची. खाली गेलो की वाकडं दिसत नसे. ती शेवटी उठून दाराशी यायची, कमरेवर हात ठेवून एकदा बघायची, आणि आत निघून जायची. ते बघणं तिच्या लेखी फारसं महत्त्वाचं नसावं, कारण त्यानंतर तिने कधी काही पुसून दुरुस्त केलेलं मला आठवत नाही. कातळावरच्या त्या माणसांनाही असं दाराशी येऊन बघायची गरज वाटली होती का, कुणास ठाऊक. मला वाटतं त्यांनी हत्ती पावलांनी मोजला असेल. सोंडेपासून शेपटीपर्यंत चालत गेलं की हत्ती पुरा होत असेल. पण हे माझं म्हणणं, त्याला पुरावा नाही, आणि रेवाने "हे लेखात लिहू नकोस" असं बजावलं होतं.

ऊन उतरल्यावर आम्ही परत सड्यावर गेलो. काका गुरं घेऊन गेलेले. रेषांत सावली भरली होती आणि हत्ती कातळातून हळूहळू वर येत होता. आधी पाठ, मग पाय. सुंदर होता, यात शंकाच नाही. तरी माझी नजर सारखी तो अर्धा मासा शोधत होती. पाणी सुकून गेलं होतं. संध्याकाळी कनकादित्याच्या देवळात गेलो, लाकडी खांबांच्या सभामंडपात गार फरशीवर पाय पसरून बसलो, आणि कुणीच फारसं बोललं नाही. सुहासलासुद्धा भूक नव्हती, ही त्या दिवसातली सगळ्यात अविश्वसनीय गोष्ट.

बारसूला दुसऱ्या दिवशी सकाळी. बारसूचं नाव २०२३ च्या रिफायनरीविरोधी आंदोलनाने घरोघरी पोहोचलं, आणि त्या सड्यावर उभं राहिलं की ते डोक्यातून जात नाही. दोन्ही हातांना दोन वाघासारखी जनावरं घेऊन मधे उभा माणूस, असं तिथलं चित्र. वाटेत भेटलेला प्रत्येक जण आधी आम्ही कुठल्या बाजूचे ते चाचपून बघायचा आणि मग वाट सांगायचा. आम्ही बघितलं आणि निघालो. तिथे रेंगाळायचा आम्हाला हक्क आहे असं वाटेना.

देवाचे गोठण्याला मात्र जत्रा होती. भार्गवरामाच्या देवळाकडून सड्यावर चढून गेलो तर शाळेची सहल आधीच पोहोचलेली. कातळावर आडवा पसरलेला कोरीव माणूस, आणि त्याच्याभोवती गोल करून बसलेली पन्नासेक पोरं. "रेषांवर पाय द्यायचा नाही!" असं सर दर मिनिटाला ओरडत होते आणि दर मिनिटाला कुणीतरी देत होतं. या चित्राची ख्याती वेगळीच आहे. तिथला कातळ चुंबकीय, होकायंत्र ठेवलं की काटा भलतीकडे वळतो. सरांनी शाळेतलं होकायंत्र आणलं होतं. ते चित्रावर ठेवलं, काटा फिरला, पोरांनी "हो ऽऽ" केलं. सुहासने लगेच फोनमधला कंपास उघडला; तोही गांगरला.

"मग आता उत्तर दिशा कुठली, सांगा बघू?" सरांनी विचारलं. पुढची हुशार पोरं काट्याकडेच बघत राहिली. मागे एक मुलगा बाटलीला तोंड लावून पाणी पीत होता. त्याने बाटली न काढता डावा हात एका बाजूला केला.

"कशावरून रे?"

"दर्या त्या अंगाला ना सर. म्हंजे ही उत्तर."

"दर्या दिसतोय का तुला इथून?"

"वारा येतोय की."

"सकाळचा वारा उलटा असतो," लगेच दुसऱ्याने हरकत घेतली. "आत्ता काय सकाळ हाय?" तिसरा. मग सगळा वर्गच उठला, निम्मे वाऱ्याच्या बाजूचे, निम्मे उन्हाच्या, आणि सरांचं होकायंत्र तिथेच कोरीव माणसाच्या छातीवर राहून गेलं. मंद्या हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होता. मग त्याने त्या बाटलीवाल्या मुलाला हाक मारली आणि हायवेला लागायची वाट विचारली. मुलाने आधी आमच्या गाडीकडे बघून घेतलं, किती उंच आहे ते. "खाली उतरा, पालखीची सहाण लागंल. सहाणेपासून चढ. चढ सपला की वळायचं नाय, वळावंसं वाटंल पण वळायचं नाय. मग परत उतार, तिथं पऱ्या, पऱ्यात पाणी नाय आता. मग लागलाच रस्ता."

"किती वेळ लागेल?" मंद्याने विचारलं. नकाशावाली बाई तेवीस मिनिटं म्हणत होती.

"अर्धा तास. वाटेत गुरं आली तर पाऊण."

गुरं आली.